विधानसभेचा उमेदवार खरंच ४० लाखांत निवडणूक लढवतो का?

कागदावर, हो. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात २०२२ पासून विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडायचं, सगळा खर्च त्यातूनच करायचा. एका माणसाला किंवा संस्थेला अख्ख्या निवडणुकीत रोख १० हजारांपेक्षा जास्त देता येत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. ही मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाहीच! पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि स्टार प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. मात्र स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार मंचावर दिसला किंवा मागच्या फलकावर त्याचा फोटो असला, की सभेच्या खर्चातला वाटा त्याच्या नावावर चढतो. म्हणून काही उमेदवार मोठ्या नेत्याच्या मंचावर जाणंच टाळतात.

खुर्ची, मांडव, चहा, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. तुम्ही 'मित्राने फुकट दिलं' म्हणालात तरी खर्चावर नजर ठेवणाऱ्या निरीक्षकांच्या समांतर नोंदवहीत रक्कम लागतेच. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. रात्री वाटलेली पाकिटं मात्र कुठल्याच वहीत सापडत नाहीत.