लेव्हल राहू दे, आधी चार आकडे लिही

भाऊ, तालुक्याच्या गावी पाच जणांची टीम जिनिंगवाल्यांचं सॉफ्टवेअर सांभाळते आणि तू विचारतोस, आपली मॅच्युरिटी, म्हणजे काम करायची पद्धत किती मुरलेली, कोणत्या लेव्हलची? पाच लेव्हलचं ते मॉडेल (CMM) अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमधून, अमेरिकी संरक्षण खात्याला कंत्राटदार जोखता यावेत म्हणून निघालेलं. तुला उपयोगी पडतील ते ‘डोरा’चे (सॉफ्टवेअर टीम कशा काम करतात याचा अभ्यास करणारा गूगलचा संशोधन कार्यक्रम) चार आकडे: डिप्लॉय (नवीन कोड चालू सिस्टिमवर चढवणं) किती वेळा होतं, कमिट (नोंदवलेला कोडबदल) प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिमवर, पोचायला किती वेळ लागतो, किती डिप्लॉय बिघडतात, बिघडल्यावर सेवा किती वेळात सुरू होते. गिट (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) आणि पाइपलाइन (कोड आपोआप तपासून चढवणारी यंत्रणा) यांच्या लॉगमधून काढ, एका शीटमध्ये टाक.

दुसऱ्या आकड्याची फोड नक्की कर. कोड दोन तासांत होतो आणि रिव्ह्यूची (दुसऱ्यानं तो तपासण्याची) वाट पाहत दोन दिवस पडून राहतो, असं बहुतेक ठिकाणी दिसतं. तिथे नवीन टूल घेऊन काही होत नाही. बदल लहान ठेव, रिव्ह्यू त्याच दिवशी उरका.

रोलबॅकचा, म्हणजे आधीच्या व्हर्जनवर परत जाण्याचा, सराव कापसाचा हंगाम लागण्याआधीच करून घ्या. काट्यावर गाड्यांची रांग लागलीय, वजनाची पावती निघत नाही आणि डिप्लॉय करणारा एकटा पोरगा अमरावतीला लग्नात! म्हणून दर महिन्याला वेगळ्या माणसाला, फक्त लिहिलेल्या पायऱ्या वाचून, स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) डिप्लॉय आणि रोलबॅक करायला लाव. तो जिथे अडेल ती ओळ तिथल्या तिथे दुरुस्त करा.

हे आकडे कुणाच्या पगारवाढीला मात्र जोडू नको, पोरं बिघाड लपवायला लागतात.