नजर कमी होत चाललेल्या बहिणीसाठी परवडणारा स्क्रीन रीडर कोणता? जॉज घ्यावाच लागेल का?

एनव्हीडीए घ्या. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात, एनव्हीडीए हा त्यातलाच एक. पूर्ण मोफत आहे, आणि तुम्ही लिहिलेल्या गरजेला, म्हणजे बी.ए.चा अभ्यास, इंटरनेट, वर्ड, एक्सेल आणि पुढे बँकेच्या परीक्षांची तयारी, एवढ्याला पुरून उरतो. घरातला विंडोज १० चा सेकंडहँड लॅपटॉप त्याला चालेल. मी स्वतः पूर्ण अंध आहे, नोकरी करतो आणि माझं रोजचं काम याच्यावरच चालतं.

जॉज हा विकत घ्यावा लागणारा स्क्रीन रीडर, तोही वाईट नाही. अपघातात दृष्टी गेलेल्या टेड हेंटर यांनी १९८७ साली कंपनी काढून तो उभा केला आणि जगभरातल्या अंध लोकांना त्याने नोकरीत टिकवलं. काही कार्यालयांतली जुनी, खास बनवून घेतलेली सॉफ्टवेअर्स त्याच्यावरच नीट चालतात. पण तशी वेळ आली तर त्याचा खर्च कार्यालयाने करायचा, विद्यार्थिनीच्या घराने कर्ज काढून नाही. पुढे जॉज शिकावा लागलाच तर लायसन्सशिवायही तो एका वेळी चाळीस मिनिटं चालतो, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. सरावाला तेवढं बास आहे. कुणी पेन ड्राइव्हवर ‘क्रॅक’ केलेला जॉज देऊ केला तर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतात, आणि एखाद्या अपडेटनंतर तो बंद पडला तर परीक्षेच्या तोंडावर बहीण अडकून पडेल.

एनव्हीडीएची सुरुवात २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने केली. पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्यानेच बनवल्यामुळे बारीक बारीक गोष्टींचा विचार त्यात दिसतो. इन्स्टॉल करायची फाईल उघडली की ती पहिल्या क्षणापासून बोलू लागते, म्हणजे डोळस माणूस शेजारी नसला तरी चालतं. पेन ड्राइव्हवर त्याची चालती प्रत ठेवता येते. कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर काहीही न टाकता बहीण आपला स्क्रीन रीडर आपल्यासोबत नेऊ शकेल.

आता मराठीबद्दल, कारण आपली खरी अडचण इथे आहे. एनव्हीडीएसोबत ईस्पीक हा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. पहिल्यांदा ऐकताना तो यंत्रासारखा, कोरडा वाटतो. तिला म्हणावं, दोन-तीन आठवडे धीर धर. कान बसला की हाच आवाज दुप्पट वेगातही स्वच्छ कळतो, आणि शंभर पानं वाचायची असतात तेव्हा गोडव्यापेक्षा वेग उपयोगी पडतो.

पण कोणताही स्क्रीन रीडर, अगदी सगळ्यात महागडासुद्धा, जुन्या फॉन्टमधली मराठी वाचू शकत नाही. श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं पान डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि स्क्रीन रीडर तीच बडबडत सुटतो. प्राध्यापकांकडून नोट्स घेताना युनिकोडमध्येच मागा, म्हणजे ज्यात आतही खरी मराठी अक्षरं असतात अशा पद्धतीत. मिळाल्या नाहीत तर जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणाऱ्या फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढा. पानांचे फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ती गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा, त्यातली मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. जोडाक्षरं चुकतात, म्हणून महत्त्वाचा उतारा असेल तर तुम्ही शेजारी बसून एकदा ताडून द्या. भाऊ म्हणून या कामात तुमची मदत सॉफ्टवेअरच्या पैशांपेक्षा मोठी आहे.

जॉज न घेतल्यामुळे वाचलेल्या पैशांतून आधी कानाला न टोचणारे चांगले हेडफोन घ्या. लॅपटॉप रेंगाळत असेल तर एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, बसवून घ्या, कारण कळ दाबल्यावर आवाज उशिरा आला की माणूस वैतागून शिकणंच सोडतो.

शिकवताना माऊस बाजूला ठेवा. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे चाचपून बोटं ठेवायची, तिथून सुरुवात. इन्सर्ट ही एनव्हीडीएची मुख्य कळ, लॅपटॉपवर ती अडचणीची वाटली तर सुरुवातीच्याच खिडकीत कॅप्स लॉक निवडता येते. कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबलं की तो सुरू होतो, नुसतं कंट्रोल दाबलं की गप्प बसतो. वेबपानावर एच दाबत मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारायला शिकली की तिला पहिल्यांदा मोकळं वाटेल. मराठी टायपिंगसाठी मी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणीच सुचवेन: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, त्यामुळे न बघता लवकर बसतं.

तिला अजून थोडं दिसतंय असं तुम्ही लिहिलंय. विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबलं की पडदा मोठा करून दाखवणारं भिंग उघडतं, तेही मोफत. ते वापरू द्या, पण स्क्रीन रीडर ‘नंतर बघू’ म्हणून ढकलू नका. दिसतंय तोवर कानाने शिकायला घेतलं तर अभ्यासात खंड पडत नाही. मी कळकळीने सांगतो, डोळे ताणून दोन पानं वाचून डोकं धरून बसण्यापेक्षा कानाने वीस पानं वाचणं बरं.

प्रत्यक्ष कुणाकडून शिकायचं असेल तर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं झेवियर्स रिसोर्स सेंटर आणि नॅब (अंधांसाठी काम करणारी संस्था) या ठिकाणी चौकशी करा, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर आधी ते काढा. ते हातात आलं की सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन वाचनालयात तिचं नाव नोंदवा, स्क्रीन रीडरने वाचता येतील अशी पुस्तकं तिथे मिळतात.