मुलगा रोज तासभर फुटबॉल खेळतो, मग दिवसभर बसून राहिल्याने काय फरक पडतो?

तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, अंगाने बारीक आहे, संध्याकाळी तासभर फुटबॉलला जातो. बाकी शाळा, व्हॅन, ट्यूशन आणि मोबाईल यांत दिवस बसूनच जातो. काळजी करावी का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते करावी. पण त्यासाठी त्याला आणखी एखादा क्लास लावू नका. मी शाळेत पीटी शिकवते, मुलं दिवसभर किती बसतात हे रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फुटबॉल चालूच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल असा व्यायाम सांगितलाय. पण त्याच सूचनांत बसण्याचा वेळ, त्यातही करमणुकीसाठी स्क्रीनसमोर बसणं, कमी करा असंही वेगळं म्हटलंय. अमुक तासांच्या वर बसू नये, असा आकडा मात्र त्यात दिलेला नाही.

वेगळं सांगण्याचं कारण असं. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूला हे इन्शुलिनशिवायही (रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाशिवायही) जमतं. मूल बसलं की हे काम खूपच मंदावतं. दुपारी डबा खाल्ल्यावर जे तास बाकावर जातात, त्या वेळी संध्याकाळचं फुटबॉल अजून लांब असतं. अमेरिकेत ७ ते ११ वर्षांच्या २८ मुलांवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका दिवशी मुलं सलग तीन तास बसली, दुसऱ्या दिवशी दर अर्ध्या तासाने तीन मिनिटं चालली. चालण्याच्या दिवशी रक्तातली साखर आणि इन्शुलिन दोन्ही कमी राहिलं. नंतर जेवताना मुलांनी जास्त खाल्लं असंही झालं नाही. प्रयोग लहान आहे, त्यावरून पुढच्या आयुष्याचं भाकीत करता येणार नाही. पण तीन मिनिटं कुठल्याही घरात काढता येतात, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

‘बारीक आहे’ यावर मात्र निर्धास्त राहू नका. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं हाच विषय अभ्यासलाय. इथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी असतात, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नसते. कमी असतात ते स्नायू. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडच्या बारीक मुलालाही स्नायू वापरण्याची गरज आहे, ती अशी.

घरी काय करायचं? अभ्यासाचे तुकडे पाडा. अर्धा तास झाला की उठून पाणी पिणं, गॅलरीतले कपडे काढणं, खालच्या दुकानातून कोथिंबीर आणणं. पाढे आणि कविता पाठ करायला बसायची गरजच नाही, घरभर फिरत म्हणू दे. शक्य असेल तर व्हॅनमधून थोडं अलीकडे उतरवून घ्या आणि सोबत चालत या. मोबाईल हातात देतानाच किती वेळ ते ठरवा; मध्येच हिसकावून घेतला की भांडणातच संध्याकाळ जाते. मात्र गोष्टीचं पुस्तक घेऊन बसला असेल तर दर थोड्या वेळाने उठवू नका. त्या बसण्याची मला मुळीच चिंता वाटत नाही. आणि शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावू नका. त्याने व्यायामाची चीड बसते.

सगळ्यात जास्त बसणं शाळेत होतं, तेव्हा शाळेशी बोलायलाच हवं. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग गावी २०१२ मध्ये एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी मुलांना रोज १५ मिनिटं शाळेच्याच कपड्यांत बाहेर पळायला-चालायला न्यायला सुरुवात केली. ‘डेली माईल’ नावाने तो उपक्रम पुढे अनेक देशांत गेला. त्याला ना साहित्य लागतं, ना प्रशिक्षक. पालकसभेत वर्गशिक्षकांना दोन गोष्टी विचारा. तास बदलताना मुलांना उभं राहून दोन मिनिटं हातपाय हलवू द्याल का? आणि परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो, तो जाणार नाही असं बघाल का? जमल्यास आणखी चार पालकांना सोबत घेऊन विचारा. आम्ही पीटीचे शिक्षक तो तास एकट्याने मागतो तेव्हा तो सहसा मिळत नाही. पालकांनी मागितला की मुख्याध्यापक वेळापत्रक उघडून बघतात.