रोजच्या वापराची फिक्स्ड ब्लेड (न मिटणारी) सुरी चांगली आहे की नाही, हे घरी कसं पारखावं? व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) धरून वाकवून बघावी का?

नाही. व्हाइसमध्ये अजिबात धरू नका.

सुरी पाच इंची, बजेट तीन हजार, घरी भाजी चिरण्यापासून गावच्या आगरातल्या किरकोळ कामांपर्यंत सगळीकडे वापरणार, असं तुम्ही लिहिलंय. त्याबद्दल सांगतो. पण ‘व्हिडिओत 90 अंश वाकवून दाखवतात तीच खरी सुरी ना?’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि मला 2016 चे गणपती आठवले. आधी ते ऐका.

मी भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये 19 वर्षं आहे. गिअर आणि पिना तापवायच्या, तेलात विझवायच्या, ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताच्या आचेवर टेम्पर करायच्या आणि रॉकवेल मशीनवर कडकपणा मोजायचा. (रॉकवेल. रॉकेल नव्हे. नवीन पोरं पहिला आठवडाभर गोंधळतात. रॉकेलचंही काम आहे, ते पुढे येईल.)

गाव गुहागर तालुक्यात. 2011 साली तिथल्या लोहारकाकांनी ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून मला एक सुरी घडवून दिली. पातं पाच इंच, पाठीला तीन मिमी आणि धारेकडे छान उतरत गेलेलं. शिसवीची मूठ, तिच्या तोंडाशी पितळेचं कडं, आत लाख भरलेली. घेतले 250 रुपये. एकदा साहेब जेवायला गेल्यावर मी ती शॉपमधल्या मशीनवर ठेवली, धारेजवळ जिथे जरा सपाट होतं तिथे. रॉकवेलचे 54 आले. उतारावर घेतलेलं रीडिंग फसवं असतं हे मला कळतं, पण गावच्या भट्टीतून, रंग बघून दिलेल्या पाण्याचे (पाणी म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा) 54 म्हणजे मी खूश होतो. पात्यावर मशीनचा बारीक ठिपका उमटला, तो मी कौतुकाने लोकांना दाखवत असे.

पाच वर्षं ती सुरी राबली. सुंभ, केळीची पानं, पोफळीच्या विऱ्या, ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, बांगडे, फणस. फणसाला पात्यावर खोबरेल चोपडायचं, नाहीतर चीक बसतो. महिन्यातून एकदा दगडावर पाजवली की झालं.

माझे भावोजी ठाण्याला पतपेढीत आहेत. माणूस मनाचा मोकळा, ताईला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण मोबाइलवर दिसेल ते लगेच करून बघायची खोड. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी शिडीवर चढून मखराला दिव्यांच्या माळा लावत होतो. सुरी खाली पाटावर. पडवीत पंपाच्या कामांसाठी बाबांनी बसवलेला व्हाइस.

“ही तुझी लोहाराची ना? अमेरिकेत अशी वाकवतात आणि परत सरळ होते.”

“भावोजी, ती वेगळी असते. राहू द्या ती.”

“स्टील ते स्टील. घाबरतोस कशाला?”

मी माळेची पिन तोंडात धरलेली. वळून बघेपर्यंत पातं जेमतेम झुकलं होतं. मग टण्! मूठ त्यांच्या हातात, टोक व्हाइसमध्ये. “बघ,” भावोजी म्हणाले, “कच्चं काम.” तेव्हापासून आजतागायत आमच्याकडे लग्न असो, मुंज असो, बारसं असो, ‘याच्या लोहाराची सुरी बिस्किटासारखी मोडली’ ही गोष्ट जेवणाच्या पंगतीत होतेच.

आता भावोजी, नीट ऐका. म्हणजे तुम्हीही ऐका.

ते वाकवणं आलं कुठून? अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी नावाची लोहारांची संस्था आहे. तिच्या जर्नीमन (कसबी कारागीर) पदवीसाठी एक परीक्षा असते. लटकता इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, मग टू-बाय-फोरची (नावाला दोन बाय चार इंची) लाकडं तोडायची, एवढं झाल्यावर त्याच धारेने हातावरचे केस उडवून दाखवायचे आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून 90 अंश वाकवायचं. हा पेपर लोहाराचा असतो. पोलादाचा कुठला भाग कडक करायचा आणि कुठला मऊ ठेवायचा यावर त्याची हुकमत आहे का, एवढंच बघतात. त्यासाठी तो मऊ पाठीचं, कडक धारेचं पातं मुद्दाम बनवतो. ते बहुतेक वेळा पूर्ण सरळही होत नाही, वाकडंच राहतं. पुढे त्या पात्याने कोणी कांदा चिरत नाही.

दुसरं, ताठपणा वेगळा आणि कडकपणा वेगळा. हे आमच्या शॉपमध्येही निम्म्यांना पटत नाही. पातं किती ताठ आहे हे जाडीवर ठरतं. कडक केलेलं आणि न केलेलं स्टील सारख्याच जोराला सारखंच झुकतं. फरक नंतर पडतो, की परत येतं, वाकडं राहतं की मोडतं. आणि जाडी वाढली की ताठपणा घनाने वाढतो. अडीच मिमीच्या पात्यापेक्षा चार मिमीचं चौपट ताठ. म्हणून दुकानात ती जाड, काळी, पाठीवर करवत कोरलेली सुरी हातात घेतली की मजबूत वाटते. गाजर कापायला घ्या मग. चिरत नाही, फाडते, कुऱ्हाडीसारखी. रोजच्या सुरीची पाठ अडीच-तीन मिमीच्या वर नको आणि धारेच्या लगेच मागे अर्ध्या मिमीच्या आत हवी. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) नसेल तर गाजर घ्या. चकती पडताना ‘कट्’ असा आवाज आला तर पातं जाड आहे.

तर पारखायची कशी. कागद कापून बघू नका. दुकानातून आलेली कुठलीही सुरी कागद कापते, दहा रुपयांचं ब्लेडही कापतं. पहिल्या दिवशीची धार ही सुरीची नसते, ती कारखान्यातल्या पट्ट्याची असते. तुम्हाला दहाव्या दिवशीची बघायची आहे. माझी पद्धत अशी: आधी पिकलेला टोमॅटो, दाब न देता, नुसत्या सुरीच्या वजनावर. मग सुंभाचे 50 तुकडे, लाकडी पाटावर, दर वेळी पात्याचा तोच भाग वापरून. मग पुन्हा टोमॅटो. सालीवरून घसरली तर मोजा, किती तुकड्यांनंतर घसरली. इंग्लंडात शेफील्डला याचं मशीन आहे, ते वाळूचे बारीक कण मिसळलेला कागदाचा गठ्ठा परत परत कापून धार किती टिकते ते मोजतं. आपल्या सुंभात वाळू फुकट येते.

मग दिवे घालवून एक टॉर्च लावा आणि धार वर करून डोळ्यांसमोर धरा. खऱ्या धारेला रुंदी नसते, त्यामुळे ती चमकत नाही. जिथे पांढरा ठिपका किंवा रेघ चमकेल तिथे धार मेलेली आहे किंवा तुकडा उडालेला आहे. चमक गुंडाळल्यासारखी, लांबट दिसली तर स्टील मऊ. खाचा दिसल्या तर जास्त कडक, किंवा तुम्ही हाडावर मारली.

पितळेचा दांडा हा त्याहून चांगला उपाय. आम्ही समईचा वापरला होता, आईने बघितल्यावर जे काही झालं ते इथे लिहीत नाही, तुम्ही जुन्या नळाचा दांडा घ्या. धार त्यावर जरा तिरकी टेकवून दाबत न्या. धार दांड्यावर झुकलेली डोळ्यांना दिसेल. दांडा सोडल्यावर सरळ झाली तर पाणी बरोबर बसलंय. वाकडी राहिली तर मऊ. तुकडा पडला तर टेम्परिंग कमी. वाकवायचंच असेल तर एवढंच वाकवा! हे फक्त पातळ धारेला लागू आहे, कोयत्यावर करू नका.

मुठीकडे लोक बघतच नाहीत. हाताला साबण लावून सुरी धरा आणि ओलं लाकूड 20 मिनिटं तासा. तळहातावर लाल कुठे होतं ते बघा, तिथे महिन्याने फोड येणार. बोट धारेकडे घसरलं तर सुरी परत करा, स्टील कितीही भारी असो. म्यान उलटं धरून झटका, सुरी पडली तर म्यान बदला.

स्टेनलेस की साधं कार्बन, यावर लोक डोकी फोडून घेतात. स्टेनलेसमध्ये 12-13 टक्के क्रोमियम असतं म्हणून गंजत नाही, बाकी त्यात जादू नाही. कार्बन दगडावर लवकर पाजवली जाते, पण कैरी किंवा रातांबा कापला की काळी पडते. तो काळेपणा गंज नव्हे, घासून काढू नका. तीन हजारांच्या आत घ्यायची तर स्वीडनमधल्या मोरा गावच्या साध्या प्लॅस्टिक मुठीच्या सुऱ्या मला पटतात. पातं चार इंचांच्या जरा वर, पातळ, आणि पाणी दर वेळी एकसारखं. (कार्बनची घेतलीत तर नाव मोरा असलं तरी मोरीत ठेवू नका, रात्रीत गंजते.) आणि सुरी कुठलीही असो, सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याला देऊ नका. कोरड्या चाकावर धार तापते. पिवळसर झाली तर 220-230 अंशांपर्यंत गेली, निळी झाली तर 300 च्या आसपास. निळ्या भागाचं पाणी उतरलं, तिथे आता कितीही पाजवा.

कायद्याचं राहिलं. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई हुकूम असताना सुरी कमरेला लावून फिरलात तर ती पाच इंची आहे हे पोलीस चौकीत समजावत बसावं लागेल. 

आता जे लिहायचं नव्हतं ते. चतुर्थीनंतर दोन दिवसांनी भावोजी ते दोन तुकडे घेऊन लोहारसाळेत गेले. मी मागोमाग, त्यांना अडवत. लोहारकाकांनी मोडलेलं टोक हातात घेतलं, दाराशी उजेडात नेलं, मोडलेल्या तोंडावर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. भावोजींकडे नाही. मग आत जाऊन डब्यातून 250 रुपये आणले. मी नको नको म्हणत असताना भावोजींनी ते घेऊन माझ्या शर्टाच्या खिशात कोंबले.

अंगठा कशावर ठेवला ते मला ठाऊक होतं. आदल्या रात्री टॉर्चमध्ये मीही बघितलं होतं. मोडलेलं तोंड राखाडी, दाणेदार, ताजं. फक्त धारेकडे दोन-अडीच मिमी काळं. ताजी मोड काळी नसते. ती चीर 2011 ची, पाणी देताना पडलेली आणि नंतर टेम्परिंगच्या आचेत आतून काळी झालेली. कमानपाट्याचं पोलाद तेलात विझवायचं असतं, पाणी त्याला फार झोंबतं. म्हणजे काम कच्चं होतं. भावोजींचं म्हणणं त्या एका पात्यापुरतं बरोबर होतं, आणि कारण मात्र त्यांना आजही माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. ते इथे वाचणार नाहीत, ते व्हिडिओच बघतात. चीर नसती तरी 90 अंशांत ती मोडलीच असती, यावर मी ठाम आहे. पण इतक्या लवकर नाही.

पुढच्या मे महिन्यात मी त्याच काकांकडे गेलो, गॅरेजमधून जळक्या ऑइलचा पाच लिटरचा डबा नेला. काही बोललो नाही, डबा भट्टीशेजारी ठेवला. त्यांनीही विचारलं नाही. या वेळी पातं तेलात विझवलं. मी 500 दिले.

मग तिथेच बसून चीर शोधायचा रॉकेल-खडू केला, जो 2011 सालीच करायला हवा होता. शॉपमध्ये लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर घेऊन हेच मी रोज करतो, स्वतःच्या सुरीला एकदाही केलं नव्हतं. तुम्ही टोमॅटो, सुंभ, समई या सगळ्याच्या आधी हे करा. पातं साबणाने धुऊन कोरडं करा, दोन्ही बाजूंना रॉकेल लावा, 20 मिनिटं ठेवा, फडक्याने कोरडं ठक्क पुसा आणि वर पांढऱ्या खडूची पूड चोळा. चीर असेल तर आतलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळपट ओली रेघ उमटते. धारेकडून वर जाणारी रेघ दिसली तर सुरी परत करा. रॉकेल मिळणं आता कठीणच, डिझेल चालतं, फक्त अर्धा-पाऊण तास ठेवा.