बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची हिरवी वाट कशी होते?

प्रश्न : आमच्या शहराच्या मधून एक बंद पडलेली नॅरोगेज लाइन जाते. तिथे झाडं लावून चालायला आणि सायकलला वाट करावी, असं आम्हा काही रहिवाशांना वाटतं. लोकांनी पुढाकार घेऊन असं कुठे झालं आहे का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर : झालं आहे. मी अमेरिकेत अटलांटाला राहतो आणि संध्याकाळी अशाच एका वाटेवर चालायला जातो. तिचं नाव बेल्टलाइन.

इथे शहराच्या मध्यभागाला वेढणारं चार जुन्या रेल्वेमार्गांचं कडं आहे, सुमारे २२ मैलांचं, म्हणजे ३५ किलोमीटर. त्यावरून ट्राम न्यावी आणि आजूबाजूच्या वस्त्या जोडाव्यात, अशी कल्पना रायन ग्रॅव्हल या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली. पुढे त्याने आणि दोन सहकाऱ्यांनी अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली. कॅथी वुलार्ड या नगरसेविकेने विषय उचलून धरला आणि वस्त्यावस्त्यांत बैठका सुरू झाल्या. मूळ प्रबंधाचा भर ट्रामवर होता. बागा आणि पायवाट नंतर जोडल्या गेल्या. गंमत म्हणजे वाट आणि बागा तयार होत गेल्या, ट्राम मात्र अजून आलेली नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तळ्याची गोष्ट. ओल्ड फोर्थ वॉर्ड भागात पावसाचं पाणी तुंबायचं. महापालिकेचा विचार जमिनीखालून मोठा बोगदा काढायचा होता. रहिवाशांनी विचारलं, पाणी लपवायचं कशाला? उघडं तळं करा, पावसात ते पाणी साठवेल आणि एरवी त्याच्या काठी बसता येईल. त्यांनी नुसती मागणी केली नाही, आराखडा घेऊन गेले. तळं बोगद्यापेक्षा स्वस्त पडलं. २०११ मध्ये त्याच्याभोवतीची बाग खुली झाली, आणि पुढच्याच वर्षी शेजारची पूर्वेकडची वाट.

पैशांची सोय २००५ मध्ये झाली. बेल्टलाइनच्या पट्ट्यात मालमत्ता कराचं उत्पन्न जेवढं वाढेल, ती वाढ २५ वर्षं याच कामावर खर्च करायची, असं ठरलं. झाडांचं बरंचसं काम स्वयंसेवक करतात. मीही दोन हिवाळे तिथे कुड्झूची वेल उपटली आहे. ही वेल अख्खं झाड गिळते, आणि मूळ राहिलं तर उन्हाळ्यात पुन्हा तिथेच उभी.

आता जे चुकलं ते. वाट सुंदर झाली तशा आजूबाजूच्या जागांच्या किमती चढल्या. वर्षानुवर्षं तिथे राहिलेल्या, बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांना भाडं आणि कर झेपेनासे झाले. परवडणाऱ्या ५,६०० घरांचं उद्दिष्ट होतं, पण ते काम मागे पडलं. २०१६ मध्ये खुद्द ग्रॅव्हल याच कारणावरून बेल्टलाइन पार्टनरशिप या प्रकल्पाला साथ देणाऱ्या संस्थेच्या संचालक मंडळातून बाहेर पडला. मला ती वाट जिवापाड आवडते, म्हणूनच ही बाजू झाकून सांगवत नाही. घरांसाठीची जमीन वाट होण्याआधी, स्वस्त असतानाच राखून ठेवायला हवी होती.

तुमच्याकडे हा प्रश्न आणखी नाजूक असेल. बंद लाइनीच्या कडेला झोपड्या असतात, कुणाची टपरी, कुणाचा गोठा असतो. झाडं लावायची म्हणून त्यांना उठवलं, तर तुमच्या वाटेला पहिल्या दिवसापासून शत्रू तयार होतील, आणि त्यांचा राग रास्तच असेल. त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा, तीही त्यांच्याच वस्तीत घ्या.

रोपांची ऑर्डर देऊ नका इतक्यात. आधी जमीन नेमकी कुणाच्या नावावर आहे ते रेल्वेकडे आणि भूमी अभिलेख कार्यालयात पाहा, मोजणीचा नकाशा काढा. मग पाच-सहा जण मिळून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. पाणी कुठे तुंबतं, शाळेची मुलं कुठे रूळ ओलांडतात, कडेची किती घरं भाड्याची आहेत, हे सगळं त्या नकाशावर लिहून आणा.