वाचकांचे प्रश्न : प्रचार थांबतो, जाहिरात का थांबत नाही?

प्रश्न : मतदानाच्या आदल्या दिवशी राजवाडा परिसरातले भोंगे बंद असतात, तरी वर्तमानपत्रात पक्षांच्या पानभर जाहिराती कशा छापल्या जातात? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२६ मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर सभा, मिरवणुका आणि दूरचित्रवाणीवरील प्रचारास मनाई करते, वर्तमानपत्रांचा उल्लेख त्यात नाही. निवडणूक आयोगाने मात्र मतदानाच्या व आदल्या दिवशीच्या छापील राजकीय जाहिरातींना आयोगाच्या माध्यम समितीचे पूर्वप्रमाणन, म्हणजे छापण्याआधीची मंजुरी, आवश्यक केले आहे. आम्हांला अधिक घातक वाटतो तो पैसे घेऊन बातमीच्या वेषात छापलेला मजकूर, कारण जाहिरात निदान ओळखता तरी येते. एकाच उमेदवाराची स्तुती दोन पत्रांत शब्दशः सारखी आढळली, तर अवश्य शंका घ्यावी.