डोळ्यांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदाच नेताय ना, मग हे वाचा

कुत्र्याला किंवा मांजराला डोळे दाखवायला पहिल्यांदा नेताय ना, तर डॉक्टरांइतकंच तिथल्या टेक्निशियन लोकांकडे नीट लक्ष द्या, कारण अर्धी तपासणी त्यांच्याच हातून होते. शिरमर टेस्टमध्ये, म्हणजे अश्रू पुरेसे येतात का ते बघायच्या तपासणीत, खालच्या पापणीत कागदाची पट्टी पूर्ण 1 मिनिट ठेवतात, कुत्र्याच्या अश्रूंनी ती साधारण 15 मिमीच्या वर भिजली की ठीक मानतात, आणि तेवढा वेळ घाबरलेल्या जीवाला शांत ठेवायचं म्हणजे खायचं काम नाही. डोळ्याचं प्रेशर मोजताना बघा, ते मान कधीच आवळत नाहीत, पट्टा पण सैल करतात, कारण गळ्यावर दाब आला की रीडिंग उगाच जास्त येतं. मला तर हे बघूनच त्यांच्याबद्दल खूप आदर वाटतो.

तुमचा प्राणी चावरा असेल तर आधीच सांगा, लपवू नका प्लीज, त्यांचा चेहरा अगदी त्याच्या तोंडाजवळ असतो. घरी निघायच्या आधी ड्रॉप कसे घालायचे ते त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा, ते डोकं मागून वर धरून बाटली डोळ्याला न टेकवता कशी धरायची ते शिकवतात, दोन औषधांमध्ये निदान 5 मिनिटं, मलम शेवटी. डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा कोन काढू नका हे ते दहा वेळा सांगतील, वैतागू नका. आणि नाव विचारून थँक्यू म्हणा, जमलं तर क्लिनिकला दोन ओळी लिहून कळवा, कौतुक नेहमी डॉक्टरांचंच होतं हो.